प्रभाबाईंची कुंझुमची वाट

हे लिहायला मी बसलो आहे याचे मलाच नवल वाटते, आणि थोडी लाजही. आयुष्यभर मी मराठी शिकवले, इतरांचे निबंध तपासले, समासात सूचना लिहिल्या. परंतु स्वतः चार ओळी लिहून त्या कोणापुढे ठेवाव्यात, असे धैर्य मला झाले नाही. निवृत्त झाल्यावर माणसाला वेळ मिळतो, लेखणी मिळतेच असे नाही. तेव्हा ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे, त्यांनी माझे हे धाडस पोटात घालावे. आणखी एका गोष्टीची क्षमा मागायची आहे. जे मी सांगणार आहे, त्यातील शेवटचा भाग प्रभाबाईंनी मला कधीच सांगितला नव्हता. तो सांगण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. आमच्या शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. बोलणाऱ्यांनी त्यांच्या शिकवण्याचे, साधेपणाचे, घरासाठी घेतलेल्या कष्टांचे मनापासून कौतुक केले. शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याने गहिवरून सांगितले, की बाईंची आयुष्यात एकच इच्छा होती, हिमालयातली कुंझुमची खिंड सायकलवरून एकटीने ओलांडायची, आणि तेवढी मात्र राहून गेली. सभागृहात हळहळ पसरली. त्यानंतर मला बोलायला सांगण्यात आले. मी उभा राहिलो, "बाई फार चांगल्या होत्या," एवढे म्हणालो आणि खाली बसलो. त्याहून अधिक बोलायला तोंड उघडले असते, तर मला ठाऊक असलेली ती गोष्ट बाहेर पडली असती.

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात प्रभाबाई गणित शिकवीत. शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची माझ्या शेजारी होती. मी डिचोलीहून बसने येई, त्या हळर्णहून सायकलने. ठेंगण्या, काटक, गणिताच्या बाईंना शोभेल अशा कमी बोलणाऱ्या. साडी थोडी वर खोचलेली, आणि अंबाड्यावर अबोलीची फाती, म्हणजे गजरा. शाळेचा जिना चढताना त्यांची एक विचित्र सवय होती. पहिल्या पायरीवर त्या दीर्घ श्वास घेत आणि तो वरच्या मजल्यावर पोचल्यावरच सोडत. वरती कोणी भेटून नमस्कार केला, तर उत्तर देण्याऐवजी त्या हात वर करून थांबायला सांगत. नव्या शिक्षकांना हा गर्व वाटे. मला कारण माहीत होते. "विरळ हवा इथे कुठून आणणार, सर?" त्या म्हणाल्या होत्या. "जिना तेवढा आहे."

आमच्या दोघांच्या मेजावर काच होती. माझ्या काचेखाली वेळापत्रक होते, त्यांच्या काचेखाली हिमाचलचा नकाशा. मधल्या सुटीत डबा संपला, की त्या केसांतली आदल्या दिवशीची सुकलेली फाती सोडवीत, फुले खिडकीबाहेर टाकीत, आणि हाती उरलेला केळीच्या सोपटाचा दोर ओला करून नकाशावरच्या रस्त्यावर वळणावळणाने बसवीत. मग तो सरळ करून पट्टीवर मोजीत. शिमल्याहून निघायचे, सतलजच्या काठाने किन्नौर गाठायचे, तिथून स्पितीच्या खोऱ्यात शिरायचे, आणि शेवटी कुंझुमची खिंड ओलांडून पलीकडे मनालीकडे उतरायचे. हा रस्ता त्यांनी फातीच्या दोराने इतक्या वेळा मोजला होता, की काचेवर त्याचा पुसट डाग उमटला होता.

या बेतात स्वप्नाळूपणा नव्हता. कोणत्या गावात पाणी मिळेल, कुठे चढ सकाळीच संपवायला हवा, कुठे ओढा दुपारी रस्त्यावरून वाहतो, हे त्या आपल्या शेजारच्या वाड्यांबद्दल बोलावे तशा बोलत. एकदा मात्र त्यांचा आवाज बदललेला मी ऐकला. खिंडीच्या अलीकडचे शेवटचे गाव लोसर. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "इथून पुढे घर नाही. दुकान नाही. आणि झाड नाही हो, सर. एकही झाड नाही."

मला ते वर्णन भीषण वाटले. त्यांनी ते एखाद्या मुलीने दुकानातल्या मिठाईबद्दल सांगावे तसे सांगितले होते.

अडचण एवढीच होती, की कुंझुमची खिंड बर्फातून मोकळी होते त्याच सुमारास गोव्यातल्या शाळा उघडतात. बाईंच्या नोकरीत रजेचे प्रश्न होते, आणि त्याहून मोठे प्रश्न घरात होते. हळर्णचे त्यांचे घर भरलेले. थोरले बंधू अकाली गेले. मागे राहिल्या वहिनी, पुतणे, पुतणीची लग्ने, आणि कित्येक वर्षे अंथरुणाला खिळलेले वडील. बाईंनी लग्न केले नाही. त्यामुळे कोणाच्याही रुग्णालयातल्या सोबतीसाठी, कोणाच्याही बाळंतपणासाठी, कोणाच्याही मुलाच्या गणितासाठी "बाय आसा मगे", म्हणजे बाय आहे ना, एवढे म्हटले की काम भागे. त्या घरात बाईंना स्वतःची खोली कधीच नव्हती. आधी त्या पुतण्यांबरोबर निजत, मग वडिलांच्या खाटेशेजारी, मग पुतण्याच्या मुलांबरोबर. याबद्दल त्यांची तक्रार मी ऐकली नाही. घरातल्यांवर त्यांची माया होती आणि त्यांच्यावर सगळ्यांची. एकदाच, उत्तरपत्रिका तपासता तपासता, त्या म्हणाल्या, "आपल्याकडे कुठे जाते म्हणून सांगितले, की लोक 'कशाला' असे विचारीत नाहीत. 'वांगडा कोण?' असे विचारतात. पहिला प्रश्न तोच." वांगडा म्हणजे सोबत, हे गोव्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. "माझे उत्तर लोकांना आवडत नाही," एवढे म्हणून त्यांनी पुढची उत्तरपत्रिका घेतली.

तेव्हा निवृत्तीनंतर जायचे, असे त्यांनी ठरवले, आणि निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत तयारी जोरात सुरू केली. सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी कापडी पिशव्या लावायच्या होत्या. त्या भरून चढ चढायचा सराव हवा, म्हणून त्यांनी पिशव्यांत नारळ भरले आणि रविवारी सकाळी मोपाच्या सड्याचा, म्हणजे कातळी पठाराचा, चढ चढू लागल्या. विमानतळाच्या बांधकामाच्या गाड्या शेजारून भरधाव जात. एका रविवारी एक माणूस गाडी थांबवून खाली उतरला.

"बाये, नारळ कशे दिले?"

"विकायचे नाहीत."

"मगे खंय व्हरतंस?"

"वरती."

"आणि वरसून?"

"परत खाली."

त्या माणसाने गाडीत बसलेल्या बायकोकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, "घरचे कोण वांगडा नात?" बाईंनी हा प्रसंग मला सांगितला तेव्हा त्या हसत होत्या, पण शेवटच्या वाक्यावर हसू थांबले.

तंबू आला तेव्हा त्यांनी तो उभारून पाहण्यासाठी अंगणात, माडाच्या आळ्याशेजारी लावला, आणि एका संध्याकाळी आत जाऊन बसल्या. थोड्याच वेळात शेजारची म्हातारी कुंपणाशी येऊन वहिनींना विचारू लागली, "काय गो, घरात झगडा झालो? बायेक भायर काडल्यात?" वहिनी हैराण झाल्या. गावात बोभाटा नको, म्हणून त्या पाट घेऊन तंबूच्या दाराशी बसल्या. मग सूनबाई चहा घेऊन आली. मग मुले आत शिरली. दिवेलागणीपर्यंत तंबूत पाच जण होते आणि बाई बाहेर पाटावर बसल्या होत्या.

सर्वांत मोठा प्रश्न थंडीचा होता. झोपायची पिशवी त्यांनी मागवली होती, पण ती किती ऊब देते हे पेडण्यात कसे कळणार? मोरजीकडे त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याचा मासळीसाठी लागणाऱ्या बर्फाचा कारखाना होता. बाईंनी त्याला विचारले, की बर्फाच्या कोठीत तासभर पिशवीत शिरून पडू का. गणितात त्याला बाईंनीच वर काढले होते. नाही म्हणणे त्याला जमले नाही. पण कोठीचे दार लोटल्यावर त्याचा धीर सुटला. तो बाहेर स्टुलावर बसला आणि दर थोड्या वेळाने दारावर थापा मारू लागला.

"बाई, आसात मगे?"

"आहे रे."

पुन्हा थाप. "बाई, उलयात काय तरी!"

"काय बोलू?"

"पाढे म्हणा! माका आयकू येवंक जाय."

आणि बाई त्या बर्फाच्या कोठीत, गळ्यापर्यंत पिशवीत शिरून, एकोणतीसचा पाढा म्हणत पडून राहिल्या. "पिशवी चांगली आहे," त्यांनी मला सोमवारी सांगितले. "पण तिथे शांतता कशी असते, ते काही कळले नाही."

त्या निवृत्त झाल्या. मीही त्याच सुमारास झालो. रेल्वेचे आरक्षण झाले. आणि मग वहिनींनी अट घातली, की ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घातल्याशिवाय बायेने उंबरठा ओलांडायचा नाही. या अटीत काही वावगे नव्हते. आमच्याकडे नोकरीला, बोटीवर, आखातात, कोर्टात जाणारा प्रत्येक जण नारळ ठेवतो, आणि गावचे मानकरी, म्हणजे गावकर, त्याच्या वतीने देवाला हाक घालतात. जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला होकार देते. बाई मला म्हणाल्या, "सर, तुम्ही या. तुम्ही गप्प बसता." म्हणून मी डिचोलीहून सकाळची बस पकडून गेलो.

भिकाजी गावकर हे वयस्क गृहस्थ गावाची गाऱ्हाणी घालीत. त्यांची सगळी गाऱ्हाणी तोंडपाठ होती, परंतु एकटी बाई सायकलने हिमालयात जाते, हे त्यात कुठेच बसत नव्हते. त्यांनी नारळ हातात घेतला, घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली.

"आज ही आमच्या गावची बाय, जिणा आमच्या पोरांका शिकवन शाणी केल्यान, ती तुझ्या पायाकडे उबी आसा. तिका नोकरी नको म्हाराजा. तिची कोर्टकचेरी नाय. लग्नाचा तर आता कोण बोलणा नाय—"

"व्हय म्हाराजा!" यावर सर्वांत मोठा आवाज निघाला आणि बायकांत खसखस पिकली. बाई मान खाली घालून उभ्या होत्या. त्यांचे खांदेही हलत होते.

"ती सायकल घेवन बर्फाच्या डोंगरार जाता हा. तर म्हाराजा, तिच्या वाटेतलो खड्डो, दगड, वादळ-वारो जो काय आसात, तो बाजूक सार. तिच्या चाकात वारो रव दी!"

"व्हय म्हाराजा!"

इथपर्यंत सारे ठीक झाले. पण गाऱ्हाण्याचा शेवट ठरलेला असतो. लग्न असो, शेत असो, दुकान असो, शेवटी भरभराट मागायची असते. गावकरांची जीभ सवयीने त्या वाटेला लागली.

"आणि म्हाराजा, ही एकटी जाता. तर तू एकाचे एकवीस कर!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. बाईंनी वर पाहिले, आणि त्या हसू लागल्या. "भिकाजीभाई, अहो, मला एकटीच जायचे आहे!"

"तसा म्हणूचा आसता गो बाये," गावकर गोंधळून म्हणाले. "आता घातला ता घातला."

मीही हसलो. गाभाऱ्यासमोर सगळेच हसले. एक माणूस मात्र हसला नाही. तो म्हणजे बाईंचा पुतण्या दिगंबर. बाईंनीच वाढवलेला, सरळ मनाचा, आत्येसाठी जीव टाकणारा मुलगा. आत्या एकटी जाणार म्हणून कित्येक आठवडे त्याला झोप नव्हती. देवानेच मार्ग दाखवला, असे त्याला वाटले.

"आते, देवासमोर इला ता खोटा कशा पडतला?" तो म्हणाला. "आमी येतंव."

बाईंनी समजावले. दोन दिवस समजावले. पण गावात वाऱ्यासारखी बातमी पसरली होती, आणि प्रत्येकाला हिमालय पाहायचा होता. वहिनी निघाल्या, सून निघाली, शेजारची दोन घरे निघाली, खुद्द गावकर निघाले. शिमल्याला एक मोठी गाडी ठरवण्यात आली. आत्या पुढे सायकल चालवणार, बाकीचे मागून गाडीत. म्हणजे तिची हौसही फिटेल आणि राखणही होईल. यात कोणाचाही दुष्टपणा नव्हता, हे मला पुन्हा सांगावेसे वाटते. दुष्टपणा असता, तर बाईंना नाही म्हणता आले असते.

मग त्यांनीच सगळ्यांसाठी बेत आखला. इतकी वर्षे एकटीसाठी मोजलेला रस्ता त्यांनी वहिनींच्या गुडघ्यांना, गावकरांच्या रक्तदाबाला आणि मुलांच्या उलट्यांना सोसेल असा पुन्हा मोजला. सोलां म्हणजे आमसुले, उकडे तांदूळ, सुकी सुंगटे म्हणजे वाळवलेली कोळंबी, औषधे, सारे त्यांनी बांधले.

त्या प्रवासाची हकिगत मला अनेकांनी, निरनिराळ्या प्रकारे सांगितली. सर्वांचा आशय एकच होता, फार मजा आली. गाडी सायकलच्या वेगाने मागून चाले. गाडीत भजने लागलेली. प्रत्येक वळणावर कोणी तरी पाणी, लिंबू, खडीसाखर घेऊन उभे. चढ आला, की वहिनी खिडकीतून डोके काढून ओरडत, "बाय गो, पुरे झाला, चढ गाडयेत!" बाई हात हलवून पुढे जात. असे करत ही वरात स्पितीत शिरली आणि लोसरला पोचली. खिंड आता पुढल्या दिवसाची होती. तिथे वहिनींना दम लागला. बोलताना शब्द तुटू लागले. बाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. सायकल गाडीच्या टपावर बांधायला लावली, वहिनींचे डोके मांडीवर घेतले आणि गाडी मागे, खालच्या गावाकडे फिरवली. तिथे उपचार झाले आणि वहिनी दोन दिवसांत उठून बसल्या. मंडळी सुखरूप परत आली.

गावात आल्यावर जो तो म्हणे, "बरा झाला आमी वांगडा आसलंव. एकटी आसती तर काय झाला असता?" आजारी कोण पडले होते, हे कोणाच्या लक्षात राहिले नाही. वहिनीही तेच म्हणत.

बाई मला काही दिवसांनी भेटल्या. मी विचारले, "कसे झाले?" त्या म्हणाल्या, "स्पितीत एके ठिकाणी गाडी पंक्चर झाली. मी पुढे निघून गेले होते. मागे भजन ऐकू येईना. रस्ता, दगड आणि वारा. मग थोडा वेळ मी होते."

इतकी वर्षे शेजारी बसूनही, बाईंना नेमके काय हवे आहे, हे मला त्या वाक्याआधी कळले नव्हते. त्यांना खिंड जिंकायची नव्हती. मागे कोणी नाही, पुढे कोणी वाट पाहत नाही, अशा जागी एकदा जाऊन आपण कोण आहोत ते पाहायचे होते. आणि गुडघे आता किती वर्षे साथ देतील, हा प्रश्न होता.

दुसऱ्या वर्षी पावसाच्या तोंडावर दिगंबर मला पेडण्याच्या बाजारात भेटला. चेहऱ्यावर अभिमान होता. "आते शिबिराक चलल्या," तो म्हणाला. "मौनाच्या. बरेच दिवसांचा आसा. थंय उलवक नाय, फोन नाय, आणि वांगडा कोणाक घेनत नाय. नेमच आसा तसो." आता आत्येचे मन देवाधर्माकडे वळले, याचा घरात सर्वांना आनंद झाला होता. सायकल म्हणे त्यांनी दुरुस्तीला म्हापशाच्या दुकानात टाकली होती. गावकरांनी या वेळीही नारळ ठेवण्याची तयारी दाखवली, तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, "भिकाजीभाई, मौनासाठी मोठ्याने गाऱ्हाणे कसे घालणार?" गावकरांना ते पटले. ज्या गावाने हिमालयात एकटीला जाऊ दिले नव्हते, त्याने शिबिराला एकटीला आदराने निरोप दिला. दिगंबर आणि वहिनी त्यांना म्हापशाच्या बसपर्यंत पोचवून आले. त्यापुढे येणे नेमात बसत नाही, असे बाईंनी सांगितले होते.

चतुर्थीच्या आधी त्या परतल्या आणि एका दुपारी डिचोलीला आमच्या घरी आल्या. दार माझ्या पत्नीने उघडले. बाईंच्या नाकाची साल निघाली होती, ओठ फुटले होते. हातांची बोटे काळवंडलेली, पण बोटांच्या मुळापर्यंतचा पंजा पांढरा, अर्धे हातमोजे घालून उन्हात राहिल्यासारखा. चेहरा ओढलेला होता आणि डोळे, मला नेमका शब्द सुचत नाही, स्वच्छ झाले होते.

"बाई गो, हे काय?" पत्नी म्हणाली. "शिबिरात इतके ऊन?"

"बाहेर बसवतात," बाई म्हणाल्या.

"बाहेर? आणि बोलायचेही नाही?"

"नाही. कोणाशीच नाही."

"मी तर एका दिवसात वेडी होईन."

"मलाही पहिले दोन दिवस तसेच वाटले," बाई म्हणाल्या. "फार रडू आले. परत फिरावेसे वाटले. मग नाही वाटले."

पत्नी चहा टाकायला आत गेली. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी माझ्या हातातल्या वर्तमानपत्राकडे पाहिले. मला सारे ठाऊक होते, आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांना कळले होते की नाही, ते मला समजले नाही. खिंड ओलांडली का, एवढे तीन शब्द विचारायला माझ्याजवळ चहा येईपर्यंतचा वेळ होता. मी विचारले नाही. चहा आला. मग मुलांची, पावसाची, चतुर्थीच्या तयारीची बोलणी झाली. त्यामुळे प्रभाबाई कुंझुमच्या पलीकडे उतरल्या, की लोसरहूनच मागे फिरल्या, हे मला आजही माहीत नाही, आणि आता कळण्याचा मार्गही उरलेला नाही.

त्यानंतरची तीन-चार वर्षे त्या घरातच होत्या. दिगंबरच्या मुलीला गणित शिकवीत. सायकल बाजारापुरती चाले. शेवटचे दुखणे थोडक्या दिवसांचे होते. मी भेटायला गेलो तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनी उशाशी, दिगंबर पायाशी, सुना, शेजारणी, मुले. प्रत्येक जण काही तरी करत होता. माणसाला मरताना एवढी माया लाभावी, ही मोठीच गोष्ट आहे. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना झोप लागली होती, की त्या कुठे तरी गेल्या होत्या, कोण जाणे. मी दारातूनच परतलो. त्यामुळे त्या खोलीतले दर्शन माझ्या मनात शेवटचे म्हणून राहिलेले नाही. शेवटचे म्हणून राहिले आहे ते त्याआधीचे, शिबिराला म्हणून त्या निघाल्या त्याच दिवसाचे. ते आता सांगतो.

त्या सकाळी माझी बहीण कुडाळहून येणार होती, म्हणून मी पेडण्याच्या स्टेशनवर गेलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. तिची गाडी उशिरा होती. फलाटावर फारसे कोणी नव्हते. पार टोकाला, जिथे छप्पर संपते, तिथे एक पुठ्ठ्याचे मोठे चपटे खोके काथ्याने बांधून भिंतीला टेकवून ठेवले होते, आणि त्याच्याशेजारी रेनकोट घातलेली एक ठेंगणी बाई उभी होती. म्हापशाला बसने गेलेल्या प्रभाबाई तिथल्या दुकानातून सायकलचे खोके घेऊन परत पेडण्याला आल्या होत्या. म्हापशाजवळच्या थिवीच्या स्टेशनवर ओळखीचे पुष्कळ जण भेटतात, हे त्यांनी हिशेबात धरले असावे.

त्यांनी पिशवीतून पाव काढला आणि उभ्यानेच तोडून खाऊ लागल्या. मी त्यांना कधी असे एकटे खाताना पाहिले नव्हते. शाळेत त्या डबा उघडला, की आधी चौघांपुढे धरीत. इथे पुढे धरायला कोणी नव्हते. प्रत्येक घास त्या सावकाश चावत होत्या आणि रुळांकडे पाहत होत्या. त्या आनंदी दिसत नव्हत्या. घाबरलेल्या होत्या, हे इतक्या दुरूनही कळत होते. तिकीट त्यांनी पिशवीतून काढून पाहिले, आत ठेवले, पुन्हा काढले. मध्येच त्यांनी खोक्यावर तळहात ठेवला, तसाच ठेवून दिला.

माझ्या हातात छत्री होती. मी चार पावले पुढे गेलो. "बाई" हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. खोके गाडीत चढवायला एक माणूस त्यांना लागणार होता, आणि त्यांना कोणी तरी "सांभाळून जा" असे म्हणायला हवे होते, हे मला स्पष्ट कळत होते. पण हाक मारली असती, तर त्यांना वळावे लागले असते. माझ्याशी खोटे तरी बोलावे लागले असते, नाही तर मला सामील तरी करून घ्यावे लागले असते. आणि मग साऱ्या वाटेवर, त्या झाड नसलेल्या जागीसुद्धा, त्यांच्या मागे मी असतो.

मी चहाच्या टपरीआड झालो.

उत्तरेकडे जाणारी गाडी आली. बाईंनी खोके स्वतःच ओढले. एकदा ते पायरीवरून घसरले, त्यांनी गुडघा लावून सावरले आणि दुसऱ्या झटक्यात आत ढकलले. मग त्या चढल्या. लोक दारात उभे राहून फलाटाकडे पाहतात, कोणी तरी हात हलवत असते म्हणून. त्या दारात पाठ करून उभ्या राहिल्या, पलीकडच्या ओल्या दरडीकडे तोंड करून. गाडी हलली. रेनकोटाची ती पाठ लहान होत गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

तुम्ही त्या फलाटावर असता, तर तुम्ही त्यांना हाक मारली असती का?